गुळव्याची बोटं आणि माझा पारा

सांगलीहून निघताना आमच्या रसायनाच्या सरांनी माझ्या हातात एक थर्मामीटर ठेवला आणि म्हणाले, "फुटला तर दुसरा मिळायचा नाही. लढाई चालू आहे, काचसामान येत नाही."

मी तो आधी रुमालात गुंडाळला, मग मफलरीत, मग जुन्या धोतराच्या घडीत. मिरजेला गाडी बदलताना वळकटी हमालाकडं दिली, पण ते गाठोडं छातीशीच धरलं. डब्यात समोर बसलेल्या म्हातारबुवांनी बराच वेळ बघून शेवटी हळू आवाजात विचारलं, "लय गप निजलंय हो. आई कुठं हाय त्याची?" गाठोड्यात काय आहे ते मी सांगितलं. त्यांना पटलं नाही. उतरेपर्यंत ते माझ्याकडं कनवाळू नजरेनं बघत राहिले आणि खिडकीतून वारा आला की म्हणायचे, "झाका, झाका."

त्या साली माझा थोरला भाऊ पलटणीबरोबर परदेशात होता. गुऱ्हाळ लागायची वेळ झाली तेव्हा वडिलांनी पत्र धाडलं, महिनाभर तरी ये. उंब्रजपासून दोन कोसांवर, कृष्णेच्या काठाला आमचं रान. मी एकवीस वर्षांचा होतो. कॉलेजात दोन वर्षं काढली होती आणि जगातली कुठलीही गोष्ट मोजता येते अशी माझी पक्की खात्री झाली होती. सरांना मी म्हणालो होतो, "आमच्याकडं गूळ निव्वळ अंदाजानं करतात. मला तो अंदाज मोजायचाय." सर हसले आणि त्यांनी कपाट उघडलं.

गुऱ्हाळ ज्यांनी पाहिलं नाही त्यांना थोडं सांगतो. बैल चरक फिरवतात, उसाचा रस निघतो, तो भल्या मोठ्या काहिलीत घालून खाली चुलाणात चिपाडं जाळतात. तीन तास रस उकळतो, मळी वर येते, ती काढतात. रस आटतो, काकवी होते, काकवीचा गूळ व्हायला लागतो. या सगळ्या खटाटोपात खरा निर्णय एकच, काहील चुलाणावरून कधी उतरवायची. थोडी आधी उतरवली तर ढेप बसत नाही, मऊ राहते. थोडा उशीर झाला तर गूळ करपतो. एका काहिलीत, म्हणजे एका आधणात, पुरुषभर उंचीच्या किती मोळ्या गेलेल्या असतात! आणि तो निर्णय एकटा गुळव्या करतो.

आमचा गुळव्या दरसाल कोल्हापूरकडून यायचा. सारं गाव त्याला मामा म्हणायचं. पन्नाशीचा, चिपाडासारखा वाळलेला माणूस. त्याच्या उजव्या हाताच्या तीन बोटांची कातडी शिजून शिजून चामड्यासारखी झाली होती. आधण पिकत आलं की तो हात गार पाण्यात बुडवायचा आणि तसाच उकळत्या काकवीत घालून चिमूटभर उचलायचा. ती चिमूट पाण्यात टाकून गोळी करायची आणि काहिलीच्या काठावर मारायची. टण्ण आवाज आला की मामा म्हणायचा, "उतरवा!" सहा माणसं वासे लावून काहील उचलायची. वीस वर्षांत त्याचं आधण बिघडल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

मी पहिल्याच सकाळी लांब बांबूला थर्मामीटर बांधून काहिलीपाशी हजर झालो.

"ही काय भानगड?" मामानं विचारलं.

"मामा, ह्यानं ऊन मोजता येतं."

"ऊन तर मला बी लागतंय की," तो म्हणाला आणि सगळे हसले.

मी काही हार मानणार नव्हतो. पहिलं आधण पिकत आलं. मामानं बोटं घातली, गोळी वाजली, "उतरवा!" मी पटकन पारा बघितला: एकशे अठरा. वहीत लिहिलं. दुपारचं आधण. पुन्हा बोटं, पुन्हा टण्ण, "उतरवा!" पारा: एकशे अठरा! मला वाटलं चुकून झालं असेल. संध्याकाळी एकशे सतराच्या जरा वर. दुसऱ्या दिवशी तिन्ही वेळा एकशे अठरा. मी वहीतली पानं पुन्हा पुन्हा उलटून बघितली. ज्या माणसानं कधी पाटी हातात धरली नाही, त्याच्या बोटांत एक आकडा बसला होता आणि त्याला स्वतःला तो माहीत नव्हता! मी चिखलातून, पाटाच्या पाण्यातून धावत घरी गेलो आणि आईला सांगितलं. आई म्हणाली, "आधी पाय धू."

मग मामाला सांगितलं. त्यानं चिलीम बाजूला ठेवून नीट ऐकून घेतलं.

"म्हंजी माजी बोटं खरी का तुजी काच खरी?"

"दोन्ही खरं, मामा."

"दोन्ही खरं आसंल तर काच कशाला पायजे?"

पण एकविसाव्या वर्षी उत्तर नसलं की आवाज चढतो. मी म्हणालो, "ह्या काचेवर मी एकटा आधण उतरवून दाखवतो. तुमी बोट लावायचं न्हाई."

मामानं माझ्याकडं बघितलं. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, मजा होती. "उद्या दुपारचं आधण तुजं. मी काहिलीकडं पाठ करून बसतो, डोळ्याला फेटा बांधतो. बिघडलं तर आठ दिस चिपाडं तू वाहायची. साधलं तर ह्योच फेटा तुज्या डोक्यावर."

ही बातमी गावात कशी गेली कोण जाणे. दुसऱ्या दिवशी दुपारी निम्मं गाव आमच्या गुऱ्हाळावर. बाया डोक्यावरच्या पाट्या तशाच घेऊन उभ्या, म्हातारे चिपाडांच्या ढिगावर बसलेले. वडील हाताची घडी घालून एका बाजूला. सकाळपासून त्यांनी पान खाल्लं नव्हतं. मामा काहिलीकडं पाठ करून, डोळ्यांवर फेट्याचे चार वेढे घेऊन बसला होता.

पारा शंभराच्या वर गेला तेव्हा काहीच कठीण वाटलं नाही. एकशे दहापाशी तो अडून बसला. हलेचना. काहिलीतला आवाज बदलायला लागला. खदखद बंद होऊन जाड बुडबुडे फुटायला लागले, पुट्ट, पुट्ट. एकशे चौदा. एकशे सोळा. वाफेनं काच धूसर व्हायची, मी फुंकर मारून पुसायचो. एकशे सतरा. मी हात वर केला. पारा रेघेला टेकला आणि मी ओरडलो, "उतरवा!"

त्याच क्षणी पाठीमागून दुसरा आवाज आला, "उतरवा!"

मामा! डोळे बांधलेले, पाठ फिरवलेली, आणि नुसत्या बुडबुड्यांच्या आवाजावरून त्यानं माझ्याबरोबर हाक दिली होती. मग असा गलका उठला की चरकाचे बैल बिचकले. सहा जणांनी काहील उचलली, वाफ्यात, म्हणजे गूळ निवायच्या उथळ हौद्यात ओतली, गूळ घोटला, भरला. संध्याकाळी ढेप काढली तर सोन्यासारखी पिवळी आणि दगडासारखी घट्ट. मामानं डोळ्यांवरचा फेटा सोडला आणि स्वतःच्या हातानं माझ्या डोक्याला गुंडाळला. माझ्या आयुष्यात पुढं चांगल्या गोष्टी बऱ्याच झाल्या, पण तसा फेटा पुन्हा कुणी बांधला नाही.

आणि खरं सांगायचं तर बिघडायला सुरुवात तिथंच झाली.

एका दुपारी एक आधण साधलं, तेवढ्यावर गावानं ठरवून टाकलं की माझ्या काचेला सगळं कळतं. कुणी अंगात कसर असलेलं पोर घेऊन आलं. एकानं विचारलं, विहिरीला पाणी किती हातांवर लागेल ते ह्यात दिसतं का. दुसऱ्यानं म्हशीला दूध का कमी झालंय ते बघायला बोलावलं. मी "न्हाई, न्हाई" म्हणत होतो, पण मनातून फुगत होतो. वडील तर येईल त्याला सांगायचे, "आमच्या पोराच्या काचंत दिसतंय सगळं." मामाला वीस वर्षं लागली ती पत मला एका दुपारी मिळाली होती. हे विचित्र आहे असं तेव्हा ना गावाला वाटलं, ना मला.

आठवड्यानं चरकाचं दातेरी चाक तडकलं. मी ते बैलगाडीतून स्टेशनावर नेलं आणि गाडीनं सांगलीला, एका ओतकामवाल्याकडं. मामा तेवढ्यात मिरजेला लेकीकडं जाऊन येतो म्हणाला. चार दिवस मी त्या भट्टीपाशी बसून होतो. पाचव्या दिवशी चाक घेऊन परतलो, मामाही आला, चाक बसलं, बैल जुंपले, चरक पुन्हा कुरकुरायला लागला. दोन दिवस गूळ झकास. पारा एकशे अठरा, बोटं एकशे अठरा. मी आणि मामा एकमेकांकडं बघून हसायचो.

तिसऱ्या दिवशी सकाळच्या आधणाला पारा एकशे अठरावर आला. मी म्हणालो, "उतरवा."

मामानं बोटं घातली, पाण्यात गोळी केली आणि कपाळाला आठी घातली. "न्हाई. गोळी बसंना. चिकाट लागतीया."

"मामा, एकशे अठरा झाले."

"हूंदेत. थांब जरा."

"अवं पण झालंय! करपंल!"

सहा माणसं वासे धरून उभी. सगळ्यांनी वडिलांकडं बघितलं. वडिलांनी एकदा मामाच्या बोटांकडं बघितलं, एकदा माझ्या फेट्याकडं. "उतरवा," ते म्हणाले.

मामा बाजूला झाला. काहील वाफ्यात ओतली. तासाभरानं गूळ बसायला हवा होता. दोन तास झाले. मी बोट लावलं तर कणकेत रुतावं तसं रुतलं.

दुसरं आधण मामानं ठरवल्याप्रमाणं करायचं झालं. मी तोंड मिटून पारा बघत होतो. एकशे अठरा. मामा गोळी करतोय, मान हलवतोय. एकशे एकोणीस. एकशे वीस. "मामा," मी म्हणालो. त्यानं हातानंच गप्प केलं. त्याची गोळी वाजत नव्हती आणि गोळी वाजल्याशिवाय त्यानं वीस वर्षांत काहील उतरवली नव्हती. करपल्याचा वास आला तेव्हा कुठं तो ओरडला, "उतरवा!" तो गूळ काळा पडला आणि तरीही मऊच राहिला.

दोन आधणं गेली. मग सगळ्यांच्या तोंडाला जोर आला.

"ह्यो नवा ऊस!" मामा म्हणाला. त्या साली आम्ही पुंड्या ऊस कमी करून निम्म्या रानात कोइमतूरकडचं नवं बेणं लावलं होतं. "मी पयल्या दिशी म्हनलं हुतं, ह्या उसाला पानी लय, गूळ कमी. म्हनलं हुतं का न्हाई?" म्हणाला होता खरं. पण आधीची पंधरा आधणं त्याच उसाची होती आणि गूळ घट्ट झाला होता, ते तो विसरला होता. माझ्या डोक्यावरचा फेटा त्याच उसावर मिळवलेला होता, ते मीही विसरलो होतो.

वडिलांचं म्हणणं वेगळं. चुलाणात चिपाडं घालणारा गडी नवा होता आणि वडिलांना तो पहिल्यापासून आवडत नव्हता. "वली चिपाडं घालतोय त्यो! जाळ एकसारखा लागतोय कुठं?" तो बिचारा मुठी भरभरून कोरडी चिपाडं दाखवत होता. वडील बघायला तयार नव्हते. आईनं कुणालाच काही विचारलं नाही. तिनं घरून मीठमोहऱ्या आणल्या आणि काहिलीवरून ओवाळून टाकल्या. इतकी माणसं बघायला आली होती, दृष्ट लागणारच, असं तिचं म्हणणं.

आणि मी? मी तर शिकलेला. मी मनाशी ठरवलं होतं, मामाचं वय झालं, बोटं बधिरली. मग मला पुरावेही आठवायला लागले. काल मळी काढताना त्याचा झारा एकदा निसटला होता. परवा त्यानं मला दोनदा हाक मारली होती, म्हणजे कानही गेले असतील. पहिलं आधण तर माझ्या आकड्यावर उतरवलं होतं आणि तेच आधी बिघडलं होतं. पण ते मी या हिशेबात धरलंच नाही! आज हे लिहिताना मला हसू येतं. चौघांकडं चार उत्तरं होती आणि चारही उत्तरं गूळ बिघडायच्या आधीपासून तयार होती.

मामानं आपला झारा धुतला आणि घोंगड्यात गुंडाळायला घेतला. "मालक, दुसरा गुळव्या बगा," तो वडिलांना म्हणाला. वडील जमिनीकडं बघत राहिले. मी थांबा म्हणायला हवं होतं. मी म्हणालो नाही.

तेवढ्यात उसाच्या ढिगाकडून एक बाई आली. ती माणदेशाकडची होती, मेंढरं राखणाऱ्यांच्या घरातली. तिकडं पाऊस नव्हता म्हणून सगळं कुटुंब ऊसतोडीला आलं होतं. ती तोडलेल्या मोळ्या ढिगावरून चरकापर्यंत वाहायची. तिच्या दोन शेळ्या ढिगाशेजारी बांधलेल्या असत आणि उसाचं वाढं, म्हणजे शेंड्याची पानं, खात असत. इतके दिवस तिचा आवाज मी ऐकला नव्हता.

"मालक, येक सांगू का?"

"आता तू काय सांगतीस?" वडील करवादले.

"माज्या शेळ्या आज सकाळधरनं वाढं खाईनात. तोंड बी लावंनात."

"आगं, हितं काय चाललंय, आन् शेळ्या काय मदीच!"

ती गेली नाही. तिनं चरकापाशी पडलेली एक मोळी उचलून वडिलांपुढं ठेवली. "शेळ्यांचं सोडा. ही गाठ बगा. ही माजी गाठ हाय. आमच्याकडं आशी दुपदरी मारत्यात. चाक मोडलं त्या दिशी आन् दुसऱ्या दिशी मी मोळ्या बांधत हुते. तिथनं फुडं मला वाहायला लावलं, बांधायला दुसरी बाय आली, तिची गाठ साधी. काल-परवा चरकाला साध्या गाठीच्या मोळ्या गेल्या. आज समद्या माज्या गाठीच्या चालल्यात." ती थांबली. "आवं, ह्यो ऊस आट दिसांचा हाय."

मी वडिलांकडं बघितलं. "चरक बंद होता तवा तोड चालू होती?"

वडिलांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "मग काय करणार? लांबनं आल्याली मानसं, चार दिस बसवून ठिवू? मीच म्हनलं, तोडा, रचून ठेवा."

मी उंच ढिगाकडं धावलो आणि माझ्या मागं सगळे. खालचा ऊस आधी तोडलेला, वरचा नंतर तोडलेला. चरक सुरू झाल्यावर आम्ही वरून उचलायला लागलो, म्हणजे ताजा ऊस दोन दिवस गाळला आणि गूळ छान झाला. आज तळाचा शिळा ऊस हाताशी आला. मी एक कांडं ओढून कोयत्यानं उभं चिरलं. आत लालसर झाक, आणि आंबूस वास! दात लावला तर जिभेवर आंबट चव. मामानं माझ्या हातातून ते कांडं घेतलं, हुंगलं, चावलं आणि थुंकून टाकलं.

"आरं तिच्या!" तो म्हणाला. "मी काहिलीत बगत हुतो. तू काचंत बगत हुतास. उसाकडं कोन बगत हुतं?"

आणि तो खो खो हसायला लागला. मी हसलो. वडीलही हसले, पण आधी त्यांनी चुलाणावरच्या गड्याजवळ जाऊन त्याच्या पाठीवर हात ठेवला, ते मी पाहिलं.

पुढचे चार तास मला अजून क्षणाक्षणानं आठवतात. दुपारचा एक वाजला असेल. वडील म्हणाले, "शिळ्याला हात लावू नगा. ताजा तोडा. आजच्या आज गूळ बसला पायजे!" आणि स्वतः कोयता घेऊन फडात शिरले. मी शिरलो. मामा झारा टाकून आला. गुळव्यानं ऊस तोडायला उतरावं हे आमच्या रानात कधी घडलं नव्हतं, लोक काम सोडून बघायला लागले. कोयत्यांची खटाखट, पाचोळ्याचा सळसळाट, माझे हात पानांच्या कडांनी कापत होते आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं. मोळी बांधायला ती माणदेशी बाई. गाठ मारली की ओरडायची, "घ्या!" मोळ्या पळवत चरकापर्यंत. बैलांना जणू कळलं होतं, इतके ते भराभर फिरत होते. रस आला, मी ओंजळीत घेऊन प्यालो. नुसता गोड.

दिवस कलताना आधण पिकायला आलं. पुन्हा गाव जमलं होतं, पण यावेळी पैज नव्हती. मी बांबू धरून उभा, मामा पाण्याचं भांडं घेऊन समोर.

"गड्या, पारा काय म्हनतोय?" मामानं विचारलं. इतक्या दिवसांत त्यानं पहिल्यांदा विचारलं होतं, आणि "गड्या" म्हणून.

"एकशे सतरा. गोळी?"

"येतीया. जरा दम." त्यानं बोटं बुडवली, काकवीत घातली, उचलली. "आता?"

"एकशे अठराला एक केस कमी."

गोळी काठावर बसली. टण्ण!

"म्हण," मामा मला म्हणाला.

"तुमी म्हणा, मामा."

"आरं म्हणा कुनीतरी!" वासे धरलेला एकजण ओरडला, आणि आम्ही दोघं एकदम किंचाळलो, "उतरवा!"

रात्री कंदिलाच्या उजेडात ढेप निघाली. मामानं कोपरा हाणला तर खटकन् तुकडा उडाला. तो पहिला तुकडा त्यानं त्या बाईच्या हातावर ठेवला. मग बाकीच्यांना मिळाला. शिळ्या उसाचा गूळ बसत नव्हता, पण वास फार न आलेला निवडून त्याची काकवी झाली. दुसऱ्या दिवशी गावातली सगळी भांडी आमच्या गुऱ्हाळावर रांगेत लागली होती, तांबे, चरव्या, कुणाची तर घागर. पोरंसोरं तोंडं माखून हिंडत होती.

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण माणसांच्या डोक्यात काय राहतं बघा! गाठीची गोष्ट कुणाच्या ध्यानातच राहिली नाही. सगळ्या गावाच्या लक्षात राहिली ती शेळी. "आवं, शेळीनं वळखलं!" हे पाण्यावर, पारावर, उंब्रजच्या बाजारात सगळीकडं पोहोचलं. गाठीत सांगण्यासारखं काय होतं? शेळीची गोष्ट कशी एका दमात सांगता येते आणि ऐकणारा तोंडात बोट घालतो. शेजारच्या गुऱ्हाळवाल्यानं एक शेळी विकत आणली. आमच्याकडं वडील रोज सकाळी पहिली मोळी त्या बाईच्या शेळीपुढं टाकायला लागले. ती खायला लागली की म्हणायचे, "चला, जुंपा." मी शास्त्राचा विद्यार्थी, मी एकदाही हरकत घेतली नाही. उलट मी वहीत एक नवी ओळ आखली होती, "शेळी."

गुऱ्हाळ आटपायला चार-पाच दिवस राहिले असतील. सकाळी वडिलांनी मोळी टाकली. शेळीनं हुंगलं आणि तोंड फिरवलं. दुसरी मोळी टाकली. शेळी खाली बसली. वडिलांनी हात वर केला, "थांबवा!" बैल सोडले. आदल्या संध्याकाळी तोडलेला ऊस, पण वडील म्हणाले, काहीतरी असणार. मामानं कांडं चिरून बघितलं, चाखून बघितलं. "गोड लागतंय खरं," तो म्हणाला, पण त्याचाही जीव धजेना. मीही चाखलं. गोडच होतं. तरी आम्ही तिघं त्या शेळीकडं बघत उभे होतो, ती रवंथ करत आमच्याकडं बघत होती. 

मोळ्यांचा भारा घेऊन ती बाई आली. "चरक का थांबला?"

"तुजी शेळी खाईना," वडील काळजीनं म्हणाले.

तिनं भारा खाली टाकला आणि कमरेवर हात ठेवून हसली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

"आवं मालक, पहाटं दावं तुटलं तिचं. तुमच्या हरबऱ्यात शिरली हुती. घाटं खाऊन खाऊन प्वाट फुटायला आलंय तिचं, ती काय खानार? तिला कशाला इचारता?"

वडिलांनी शेळीकडं बघितलं, हरभऱ्याच्या तुकड्याकडं बघितलं, मग तिच्याकडं.

"मग काय तुला इचारू?"

"इचारा की. मी काय न्हाई म्हनले व्हय?"

त्या दिवसापासून मोळ्यांच्या गाठी तिनं ठरवायच्या असं झालं. एक दिवस साधी गाठ, दुसऱ्या दिवशी दुपदरी, तिसऱ्या दिवशी उलटी, म्हणजे कुठला ऊस कधीचा हे गाठीवरून दिसेल. चरकापाशी ती उभी राहायची आणि मोळी बघून हात हलवायची. मामानं मिशीतल्या मिशीत हसत बैल पुन्हा जुंपले, मी बांबू उचलला, आणि वडील हातात काठी घेऊन हरभऱ्याकडं निघाले, किती नुकसान झालंय ते डोळ्यांनी बघायला.